बबिताच्या नावापुढचं शून्य

बबिता आगिवले भारताच्या अठरा वर्षांखालच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघातून आशियाई स्पर्धेत सहा सामने खेळली, आणि सहाही सामन्यांत मिळून तिच्या नावापुढं शून्य गुण आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या पळसोलीत कुणालाही विचारा, पहिल्यांदा हेच कानावर येईल, फक्त प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सरपंच केरबाभाऊ उजवा हात वर करून सांगतील, "एक मिनिट, एक मिनिट. मुद्दा काय हाय, पोरगी गुणी हाय, पण गुण न्हाईत." त्यांचा पुतण्या सत्यम खंडाळ्याच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. तो मान किंचित वाकडी करून, गिऱ्हाइकाला खोली शिल्लक नाही असं सांगावं तसं सांगेल, "ॲक्च्युअली ना, तिचं काँट्रिब्यूशन निल दाखवतंय." आणि बबिताला विचारलंत तर ती म्हणेल, "व्हय, शून्य. मग?"

त्या 'मग'नंतर पुष्कळांनी विषय बदललेला मी पाहिलाय.

पळसोली खाली आणि वाडी वर डोंगरात, असं आमचं गाव आहे. वाडीत सतरा घरं, सगळी आदिवासी ठाकरांची. बबिताचे वडील शिदूकाका तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळी आणि राखणदार, दोन्ही एकदमच. बंगल्याच्या मागं पोहायची टाकी आहे. तिला तडा गेला म्हणून ती दोन वर्षं कोरडी पडली होती, आणि कुणा पाहुण्यांचा विसरलेला व्हॉलीबॉल तिच्या तळाशी लोळत होता. बबिता तेव्हा पाचवीत होती. बापाचा डबा घेऊन जायची आणि टाकीत उतरून निळ्या टाइलांवर बॉल आपटत बसायची. टाकीचा तळ उतरता. बॉल टाइलच्या सांध्यावर लागला की कुठून कुठं जायचा याचा नेम नाही. चारी बाजूंना भिंती असल्यामुळं बॉल बाहेर जायचा नाही आणि बबितालाही जाऊ द्यायचा नाही.

एका शनिवारी मालक मुंबईहून न सांगता आले. व्हरांड्यातून ओरडले, "शिदू, अरे ये धपधप काय आहे?"

"कोन न्हाई शेठ," शिदूकाका म्हणाले, "माझी पोरगी हाय."

"मग पोरगी म्हणजे कोणीच नाय काय रे?"

शेठ वाकून टाकीत बघत पाच मिनिटं उभे राहिले. मग म्हणाले, "खेळू दे. टाइल फुटला तर तू लावायचा." बबिता सातवीत जाईपर्यंत अकरा टाइल फुटल्या. शिदूकाकांनी अकराही लावल्या.

गावात आम्ही खेळतो ते खळ्यावर. भात झोडायचं हे सगळ्या गावाचं खळं, पिढ्यान्‌पिढ्या ठोकून, सारवून कठीण झालेलं, तळहातासारखं सपाट. दिवाळीनंतर महिनाभर तिथं भाताच्या पेंढ्या, एरवी मोकळं. आठ वर्षांपूर्वी शाळेच्या गुरुजींनी दोन वासे रोवून जाळी बांधली आणि आम्हा मुलींना तिथं उभं केलं. खळ्याच्या तोंडाशी एक चपटा दगड आहे. आत यायचं तर पायातलं त्या दगडापाशी काढायचं. ज्या जागेवर धान्य पडतं तिथं पायताण नाही. हे कुणी शिकवत नाही. चालायला लागलेलं पोरसुद्धा दगडापाशी आलं की थांबतं आणि पाय वर करतं. तेव्हा पळसोलीच्या मुली व्हॉलीबॉल खेळतात त्या अनवाणी. बबिता राष्ट्रीय शिबिराला गेली तेव्हा पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी विचारलं, "तू रोज सरावाला कुठले शूज वापरतेस?" ही म्हणाली, "टाच." सर ते नाव कंपनीचं समजून वहीत लिहून घेत होते.

बबिताची उंची पाच फूट दोन इंच. नेटपाशी तिचा काही उपयोग नाही, म्हणून तिला लिबेरो केलं. लिबेरो म्हणजे मागं उभी राहून समोरच्यांनी मारलेला बॉल खाली पडू न देणारी. तिनं उडी मारून स्मॅश मारायचा नाही, ब्लॉक करायचा नाही. बॉल उचलायचा आणि लिफ्टरच्या हातात द्यायचा. पुढं लिफ्टर तो वर चढवते, तिसरी मारते, गुण मारणारीच्या नावावर. आमच्या संघाची लिफ्टर मी. लिबेरो फक्त मागच्या रांगेत चालते, म्हणून ती सामनाभर आत-बाहेर, आत-बाहेर करत राहते. आणि पंचांना लांबून ओळखू यावी म्हणून तिची जर्सी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची असते.

हे सगळं मला माहीत होतं. गावाला नव्हतं.

पहिल्या सामन्याच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मोबाइल टीव्हीला जोडला. अर्धं गाव आणि सगळी वाडी जमली. भारताच्या मुली निळ्या जर्सीत ओळीनं आल्या. शेवटी एक पिवळी आली.

"आपली कुटंय?"

"ती काय, पिवळी."

"तिलाच पिवळं का? निळं कापड संपलं का काय?"

सत्यम पुढं बसला होता. तो वळून म्हणाला, "पिवळं म्हणजे ट्रेनी. आमच्याकडं पण असतंच. कायम स्टाफला नेव्ही ब्लू, ट्रेनीला वेगळा शर्ट. म्हणजे गेस्टनी काही बोलू नये ना त्यांना."

हॉलमधल्या सगळ्यांना हे लगेच पटलं. एवढ्यात सामना सुरू झाला, आणि बबिता बाहेर आली.

"काढली," केरबाभाऊ म्हणाले.

"न्हाई न्हाई, परत घेतली."

"परत काढली बघ."

"एक मिनिट. काय चुकलं का तिचं?"

"भाऊ, लिबेरो असंच—" मी म्हणाले.

"तू गप बस गं, बघू दे."

पाऊण तासात बबिताला बावीस वेळा काढली आणि बावीस वेळा घेतली. मधे तिनं जमिनीला चिकटून उचललेले बॉल कुणी पाहिलेच नाहीत, कारण जो तो ती आता कधी बाहेर येते त्यावर डोळा ठेवून होता. शिदूकाका दाराजवळ, चपलांशेजारी बसले होते. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "जाऊ दे शिदू. विमानानं तर नेली ना."

भारत सहांतले दोन सामने जिंकला, चार हरला. चौदा देशांत अकरावा नंबर. सत्यमनं हॉटेलच्या प्रिंटरवर गुणांची यादी छापून आणली आणि हॉलच्या दारावर चिकटवली. बारा नावं, प्रत्येकीपुढं आकडा: एकाहत्तर, अठ्ठावन्न, चाळीस. सगळ्यांत खाली आगिवले बी., शून्य. संध्याकाळी मी तिथून जात होते. शिदूकाका यादीसमोर उभे होते. त्यांना वाचायला येतं, पण सावकाश. बोट शून्यावर ठेवून त्यांनी मला विचारलं, "पोरी, जे बॉल खाली पडले न्हाईत त्यांचा रकाना ह्यात कुटं हाय?"

तो त्यात नव्हता. मी घरी जाऊन आमच्या संघाच्या वहीत एक रकाना जास्त आखला: उचलले.

बबिता परत आली तेव्हा गावानं सत्कार केला, शाल दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला सगळे ट्रेनी म्हणायला लागले. दुकानात गेली की, "ये ट्रेनी, कायम केलं का न्हाई?" ती म्हणायची, "तुमी आधी साखर नीट तोला, मग सांगते." तिला त्याचं काही नव्हतं. तिला जूनमध्ये पुन्हा शिबिराला जायचं होतं आणि मधल्या सहा आठवड्यांत खळ्यावर आम्हा चौदा जणींना घेऊन सकाळ-संध्याकाळ घाम काढायचा होता. तेवढ्यात केरबाभाऊंच्या डोक्यात पार्किंग आलं.

आमच्या वरच्या अंगाला धबधबा आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यातून उतू गेलेली गर्दी वलवणवरून आमच्याकडं वळते आणि गाड्या रस्त्यातच लावते. भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यांनी जागा काढली ती खळ्याची. भर पावसात शंभर गाड्यांची चाकं खळ्यावर फिरली की त्याचा चिखल होणार, आणि एकदा फाटलेलं खळं परत तसं बसत नाही. वलवणपासून तुंगार्लीपर्यंत मुलींना खेळायला अशी दुसरी जागा नाही. होती ती टाकी, तर तीही दुरुस्त होऊन पाण्यानं भरली होती.

मेच्या तिसऱ्या रविवारी सकाळी खळ्यावरच बैठक बसली. सगळ्यांनी चपला दगडापाशी काढल्या आणि कडेनं बसले.

"एक मिनिट, एक मिनिट," केरबाभाऊ म्हणाले. "मुद्दा काय हाय, उद्या गावात ॲम्ब्युलन्स आली तर जाणार कुटनं? आन हे खळं वर्षातले अकरा महिने मोकळं पडलेलं असतंय."

"मोकळं कुटंय?" बबिता उभी राहिली. "आमी चौदा जणी काय हवेत खेळतो व्हय?"

"खेळता, व्हय. पण रिझल्ट काय? अकरावा नंबर. आमच्या माऊलीचा वर्गात अकरावा नंबर आला तर आमी पेढे वाटत न्हाई."

"माऊलीच्या वर्गात किती पोरं हायत?"

"बारा."

हसू उसळलं. भाऊ म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे."

"आमी आशियात अकराव्या आलो, भाऊ. पळसोली आशियात कितवी हाय?"

"आपण लेव्हल टिकवून बोलू या का?" सत्यम मधे पडला. त्यानं प्रिंट आणलीच होती. "टीमबद्दल कुणी काही म्हणत नाहीये. पण पर्सनल परफॉर्मन्स झिरो आहे, हे रेकॉर्डवर आहे. झिरोसाठी गावानं गैरसोय का सोसायची?"

मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "आन खळं गावाचं. वाडीचा काय संबंध." कोण ते कळलं नाही, पण शिदूकाकांनी मान खाली घातली, ती मला दिसली.

बबितालाही दिसली. ती नेटपाशी गेली, बॉल उचलून आणला आणि सत्यमच्या मांडीवर ठेवला.

"सत्यमदादा, गावात तुझ्याएवढा जोरात कोण मारत न्हाई. खरं का खोटं?"

"तसं... खरं आहे."

"दहा स्मॅश मार. मागच्या पट्टीत, कुटंबी. परी नेटच्या वाशापाशी उभी राहून लिफ्ट देईल. मी उचलून बॉल परत परीच्या हातात द्यायचा, दहाच्या दहा. एक जरी खाली पडला, तर खळं तुमचं. उद्याच फक्की टाकून पार्किंगच्या रेघा मारा."

परी म्हणजे मी. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मी त्याला जरा खालून लिफ्ट देते, नेटमध्ये जातील अर्धे."

"चांगले दे," ती म्हणाली. "वाकडे दिलेस तर पयला बॉल तुला बसंल."

सत्यमनं मनगटं फिरवली, मान दोन्हीकडं मोडली, आणि तरातरा घरी जाऊन बूट घालून आला. हिरव्या तळाचे, नवे. तसाच दगड ओलांडून आत शिरला.

"ए सत्या. पायताण."

हा आवाज अंबूमावशींचा. वय ऐंशीच्या आसपास. गावात अजून हातानं भात झोडणारं त्यांचंच एक घर उरलंय, त्यामुळं खळ्याच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही.

"मावशी, हे स्पोर्ट्‌स शूज आहेत. इम्पोर्टेड सोल आहे, जमिनीला काही होत नाही."

"सोल आसू न्हाईतर कायबी आसू. दगडापाशी काढ."

"मोजे चालतील?"

"धुतल्यात का?"

सत्यमनं मोजेही काढले.

पहिला स्मॅश बबिताच्या छातीवर आला. तिनं दोन्ही हात जोडून तो असा सोडला की मला जागचं हलावं लागलं नाही. दुसरा डाव्या कोपऱ्यात, तिसरा उजव्या. चौथ्याला सत्यमनं खरंच दात-ओठ खाल्ले. बॉलचा आवाज डोंगरावर जाऊन परत आला, पण बॉल माझ्या हातात होता. भाऊ मोठ्यानं मोजत होते, "चार," आणि आवाजात सरपंचकी होती. पाचव्याला ती गुडघ्यावर गेली. सहाव्याला तिनं पाठ फिरवून, बॉल न बघता हात मागं नेला आणि बॉल त्या हाताला लागून वर आला. तेव्हा हॉलमध्ये पाऊण तास बसलेल्या त्याच माणसांतून एकदम "आँ?" असा आवाज निघाला.

"ही तितंबी असंच करत व्हती का?" कुणीतरी विचारलं.

"मी सांगत होते तेव्हा गप बसवलंत," मी म्हणाले.

सातव्याला ती पोटावर घसरत गेली आणि कोपराचं साल खळ्यावर राहिलं. शिदूकाका अर्धे उठले आणि परत बसले. आठ. नऊला भाऊंनी आकडा म्हटलाच नाही. ते विसरले आणि नुसते बघत राहिले. सत्यमचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अजून थोडा वर दे." त्याच्या बोलण्यातलं हॉटेल पार गेलं होतं.

मी वर दिला. चांगला दिला, शपथेवर सांगते. सत्यमनं तो जिवाच्या आकांतानं मारला, बॉल उजव्या रेघेवर येत होता. बबितानं झेप घेतली, एका मनगटावर घेतला. बॉल उंच गेला, पण तिरका, दगडाच्या बाजूला. मी धावले. एक हात लांब केला. बोटाच्या टोकाला वारा लागला, बॉल लागला नाही. तो चपलांच्या ढिगात जाऊन पडला.

भाऊंनी हात अर्धाच वर केला. "एक मिनिट. पडला."

"पडला," बबिता म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे दोष द्यायला. "मीच वाकडा दिला. परीचं काय न्हाई त्यात." ती उठून उभी राहिली, कोपराची माती झटकली. रडेल असं मला वाटलं होतं, पण तिनं हनुवटी वर केली. "मी शब्द दिला व्हता. खळं तुमचं, भाऊ. आणा गाड्या."

जिंकलेला माणूस इतका अवघडलेला मी पाहिला नव्हता. भाऊ इकडं बघतात, तिकडं बघतात. सत्यम बॉल आणायला म्हणून चपलांच्या ढिगाशी जाऊन उगाच वाकून उभा राहिला.

"आणा की," अंबूमावशी म्हणाल्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या. "पोरीनं शबुद पाळला, आता तुमीबी पाळा. खळ्याची रीत मोडायची न्हाई, एवढंच."

"कसली रीत, मावशी?"

"दगडापाशी काढायचं आन मग आत यायचं. गाडी आली, की चारी चाकं दगडापाशी काढून ठेवायची. मग खुशाल आत लावायची. माझी काय हरकत न्हाई."

"आवं मावशी, चाकं काढल्यावर गाडी आत यील कशी?"

"ते तुमचं तुमी बघा. सत्याला इचारा, त्यो रोज गाडीवाल्यांतच आसतो." मग त्यांचा आवाज बदलला. "हिची आई, सावित्रा, ही पोटात आसताना हितं माझ्याबरुबर भात झोडत व्हती. अनवाणी. नवव्या महिन्यापतुर. खळ्याशी वाडीचा संबंध इचारतो त्यो पुढं यून इचार म्हनावं. सत्याचा इम्पोर्टेड सोल हितं चालला न्हाई, आन मुंबईवाल्याचा टायर चालतो व्हय रं केरबा?"

केरबाभाऊंनी हात वर केला. "एक मिनिट," म्हणाले, आणि बोलायच्या आधी त्यांची नजर स्वतःच्या पायांवर गेली. ते अनवाणी होते. मग त्यांनी दगडाकडं पाहिलं, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या गावानं पाहिलं. तिथं भाऊंची पांढऱ्या शिलाईची कोल्हापुरी, सत्यमचे हिरवे बूट, मोजे, साठ-सत्तर जोड. आल्या आल्या प्रत्येकानं आपापल्या हातानं काढून ठेवलेले.

वर केलेला हात खाली आला. शेवटी भाऊ म्हणाले, "मुद्दा काय हाय... मावशी म्हणत्यात ते बरोबर हाय."

गाड्या आता रस्त्याकडच्या भाऊंच्या पडीक तुकड्यात लागतात. तिथं पायताण चालतं. सत्यम सुट्टीच्या दिवशी खळ्यावर येतो आणि आमच्या लहान मुलींना स्मॅश मारून देतो, आणि त्यांनी उचलला की इंग्रजीत चिडतो. पिवळ्या जर्सीला गावात अजून ट्रेनीच म्हणतात. परवा पाचवीतल्या दोघी भांडत होत्या की ट्रेनी मी होणार.

बैठक संपली त्या दिवशी मी नेटच्या वाशाला टेकून वही भरत बसले होते. अंबूमावशी घरी निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"परे, त्या वहीत माझं नाव हाय का?"

"तुमचं कशाला असेल, मावशी?"

"शेवटचा कुणी मारला?"

मी विचार केला. मग नवी ओळ घेतली: अंबूबाई, गुण एक. त्याच्या खाली, आगिवले बी., उचलले नऊ, गुण शून्य. बबिता माझ्या मागं उभी राहून कोपराला हळद दाबत वाचत होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "फक्त ते शून्य जरा मोठं काढ. लांबनं दिसाय पायजे."